राणीवर राजा

१

लखीराम जेवून परत आला तेव्हा मुनाफ मिस्त्री इंजिनखोलीत पालथा पडला होता. लखीरामला आधी वाटलं, मिस्त्री इंजिनाखाली घरंगळलेला एखादा नट शोधतो आहे. त्यानं हाक मारली. मग वाकून खांद्याला हात लावला, तर हात ओला झाला.

त्यानं मिस्त्रीचं डोकं मांडीवर घेतलं आणि गळा फाडून ओरडला.

मालेगावाबाहेर, वाशीम रस्त्याला लागून ही कापसाची जिनिंग होती. १९३७ सालचा माघ महिना. हंगाम जोरात होता, पण त्या दिवशी गावचा बाजार असल्यानं दुपारपासून जिन बंद होतं आणि आवारात कोणी नव्हतं. लखीरामची हाक ऐकून आवारातल्याच बंगल्याकडून माणसं धावत आली. सगळ्यांत आधी पोचले ते रस्त्यांची कामं घेणारे उदयसिंग ठेकेदार, उंच, धिप्पाड गृहस्थ. मागून जिनिंगचे तरुण मालक फय्याजुद्दीन आले. मग धोतर सावरत डॉक्टर टाकळकर, आणि शेवटी काठी टेकत वहाबसाहेब, शाळा तपासणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले. हे चौघं दर बाजाराच्या दिवशी दुपारी बंगल्यात ब्रिज खेळायला जमत.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोक्याच्या मागची जखम पाहिली, मुठीतलं तेलाचं फडकं पाहिलं, बाजूला पडलेला लोखंडी पाना पाहिला.

"अंग अजून गरम आहे," ते म्हणाले. "आत्ताच झालंय हे."

सगळ्यांच्या नजरा लखीरामकडे वळल्या. तो बॉयलरवर कोळसा टाकायच्या कामाला होता. त्याचा सदरा रक्तानं भरला होता, आणि सकाळी त्याचं नि मिस्त्रीचं कडाक्याचं भांडण झालेलं अर्ध्या आवारानं ऐकलं होतं.

ठाणेदार आले. त्यांनी चौघांचे जबाब घेतले. चौघांनीही एकच सांगितलं: आम्ही पत्ते खेळत होतो, हाक ऐकेपर्यंत टेबलावरून कोणी उठलं नाही. मग लखीरामच्या हाताला दोरी लागली. त्याची बायको हिरीबाई फाटकापर्यंत मागं धावली आणि तिथंच मातीत बसली.

"मी नाई मारलं, साहेब!" लखीराम मागं वळून वळून ओरडत होता. "मागलं दार उघडं होतं! थे दार कोणं उघडलं, थे तं पाहा!"

त्या दिवशी ते दार कोणी पाहिलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीमहून इन्स्पेक्टर गणोरकर आले. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे. त्यांनी पहिल्यांदा दार पाहिलं.

इंजिनखोलीला दोन दारं होती. पुढचं दार आवारात उघडायचं, सगळे कामगार तिथूनच ये-जा करत. मागचं दार बंगल्याच्या बाजूला होतं आणि त्याला आतून अडसर होता. अडसर काढून भिंतीला टेकवून ठेवलेला होता. काढणारा घाईत नव्हता.

मिस्त्रीचं घर जिनिंगच्या भिंतीलाच लागून होतं. माती आटोपून माणसं नुकतीच परतली होती. गणोरकर ओसरीवर बसले, आणि दाराच्या आतून मिस्त्रीची बायको लतीफा बोलू लागली. तिचा आवाज बसला होता.

"थे दार माहे घरवाले बंगल्यावाल्यांसाठीच उघडत, साहेब. मालक, नाईतं मालकाचे पाहुणे. लखीराम कायले तिकडून येईन? त्याले पुढलं दार मोकळंच होतं."

"मग सकाळी भांडण कशाचं झालं?"

"भांडण कायचं? हे कोनावरही खेकसून राह्यले होते. चार-पाच दिसांपासून जेवन नाई, झोप नाई. मी इचारलं तं म्हणत, त्या पोरीच्या मायले मी काय तोंड दाखवू, लतीफा?"

"कोणती पोरगी?"

"थे नाई सांगतलं." आत थोडी हालचाल झाली. "पन हे पाहा. हे त्यायनं घरी आनून ठेवलं होतं. मले म्हणे, हात लावू नको."

दारातून एक गोणपाटाचं गाठोडं बाहेर सरकलं. गणोरकरांनी ते सोडलं. आत मोटारीच्या दिव्याची पितळी कडी होती, एका बाजूनं चेपलेली, आणि तिच्यात अडकून राहिलेला काचेचा अर्धा तुकडा.

मेडशीच्या रस्त्यावर पंधरवड्यापूर्वी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी मोटारीखाली सापडून मेली होती. संध्याकाळची वेळ, रस्त्यावर कोणी नाही. मोटार कोणाची ते अजून कळलं नव्हतं. तो कागद गणोरकरांच्याच टेबलावरून गेला होता.

"हा दिवा कोणाच्या मोटारीचा, ते बोलले होते?"

"नाई, साहेब. इथं सडकेवरच्या दहा मोटारी दुरुस्तीले येतात. पन काल सकाळी घरून निघताना म्हणाले, आज संध्याकाळपावेतो त्यानं सोता जाऊन सांगतलं तं ठीक, नाईतं मी ठाण्यात जातो."

लतीफा रडू लागली. गणोरकर गाठोडं काखोटीला मारून उठले आणि बंगल्याकडे पाहत राहिले. त्या 'त्या'नं संध्याकाळची वाट पाहिली नव्हती.

३

बंगल्याच्या दिवाणखान्यात कालचा डाव अजून तसाच मांडलेला होता.

"कोणी आत गेलंच नाही," फय्याजुद्दीन दारात उभे राहून म्हणाले. त्यांचे डोळे सुजले होते. "पत्ते उचलायचंही मन झालं नाही. मिस्त्री माझ्या वालिदांच्या वेळचा माणूस होता, इन्स्पेक्टर साहेब."

"मला थोडा वेळ इथं एकट्याला बसू द्या."

फय्याजुद्दीन क्षणभर घुटमळले, मग गेले. गणोरकर अमरावतीला असताना पोलीस क्लबात बरीच वर्षं ब्रिज खेळले होते. अर्धवट सोडलेला डाव दिसला की तो वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

टेबलाभोवती चार खुर्च्या. तीन खुर्च्या माणसं धडपडून उठल्यासारख्या मागं ढकललेल्या. चौथी मात्र टेबलाला अगदी भिडलेली होती. तिच्यामागं आतल्या खोलीचा जाड पडदा होता, आणि तिच्या समोरच्या खिडकीतून इंजिनखोलीपर्यंतचं आवार स्वच्छ दिसत होतं.

ब्रिजमध्ये समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू असतात. बोली जिंकणारा खेळतो, त्याच्या भिडूचे पत्ते टेबलावर उघडे मांडले जातात आणि तो भिडू नुसता पाहत बसतो. त्या उघड्या पत्त्यांना डमी म्हणतात. उरलेले दोघं ती बोली पाडायला बघतात. जबाबांतल्या बैठकीप्रमाणे इथं डमी वहाबसाहेबांची होती, म्हणजे खेळत होते फय्याजुद्दीन. त्यांच्या विरुद्ध डॉक्टर आणि उदयसिंग. पडद्याकडची भिडलेली खुर्ची उदयसिंगांची.

झालेले हात फय्याजुद्दीनच्या पुढ्यात चार-चार पत्त्यांच्या गड्ड्या करून पालथे ठेवले होते. गणोरकरांनी एकेक गड्डी उलटी केली. तिसऱ्या गड्डीवर त्यांचा हात थांबला.

बदामची राणी. तिच्यावर बदामचा राजा. त्यावर एक्का, त्यावर दुर्री.

डमीतून राणी खेळली गेली, पुढच्या खुर्चीतून लगेच राजा पडला, फय्याजुद्दीननं तो एक्क्यानं मारला, डॉक्टरांनी लहान पान टाकलं. पुढच्या गड्डीत फय्याजुद्दीनची छक्की, डॉक्टरांची सत्ती, डमीची नव्वी आणि चौथं पान चव्वी. हाही हात फय्याजुद्दीनचा. आणि बदामचा गुलाम डमीत अजून उघडा पडलेला होता.

गणोरकरांनी डॉक्टरांच्या जागेवरची शिल्लक पानं उचलून पाहिली. बदामची दश्शी त्यांच्याकडं होती. तिला आता काहीच किंमत उरली नव्हती.

त्यांनी सगळं होतं तसं परत ठेवलं आणि पडद्याकडं पाहिलं. पडदा किंचित हलला आणि स्थिर झाला. खिडकीतून वारा येत नव्हता.

४

डॉक्टर टाकळकर तापट म्हणून प्रसिद्ध होते. भिडूनं एखादं पान चुकवलं की ते पत्ते आपटून उठत, हे मालेगावात पोरंसुद्धा सांगत.

"काल खेळ कसा झाला, डॉक्टर?"

"अहो, माणूस मेलाय आणि तुम्ही खेळाचं विचारता?"

"तरी सांगा. बदामच्या राणीवर तुमच्या भिडूनं राजा घातला. तुमची दश्शी फुकट गेली. तुम्ही काय बोललात त्याला?"

डॉक्टर गोंधळले. "काही नाही बोललो."

"एक शब्दसुद्धा नाही?"

"होते एखाद्याची चूक," डॉक्टर जमिनीकडं पाहत म्हणाले. "सारखं काय बोलायचं माणसाला."

वहाबसाहेबांना अजून प्रश्नही विचारला नव्हता, तोच ते म्हणाले, "कोणी उठलं नाही, साहेब. लिहून घ्या." आणि काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसले. या म्हाताऱ्याला खोटं बोलायची सवय नव्हती.

शेवटी उदयसिंग आले. ऐसपैस बसले, पाय लांब सोडून. मिस्त्रीबद्दल चांगलं बोलले, लखीरामच्या घरच्यांचं आपण बघू म्हणाले.

"तुम्ही अमरावतीच्या क्लबात बक्षीस मिळवलंय म्हणे," गणोरकर म्हणाले. "मीही थोडाफार खेळतो. कालचा डाव मोडला याचं वाईट वाटलं. डमीत बदाम कसा होता?"

"राणी, गुलाम, नव्वी." उदयसिंग हसले. "आणि राजा माझ्याकडं."

"मग राणी आली तेव्हा?"

"तेव्हा काय? जाऊ दिली. डमीत गुलाम समोर दिसत असताना पहिल्या राणीवर राजा कोण घालतो? गुलाम आला, त्यावर घातला. माझा राजा मेला, पण भिडूचं मधलं पान मोठं झालं. एवढं तर शिकाऊ माणसालाही दोन महिन्यांत कळतं."

"खरं आहे," गणोरकर म्हणाले. "खेळ अगदी बरोबर आहे."

उदयसिंग नमस्कार करून गेले. खेळ बरोबर होता. फक्त तो त्या टेबलावर झाला नव्हता.

५

फाटकाशी हिरीबाई अजून बसलेली होती. कोणीतरी तिच्यापुढं भाकरी ठेवली होती, तिला तिनं हात लावला नव्हता. गणोरकर तिच्याजवळून आत गेले आणि फय्याजुद्दीनना दिवाणखान्यात घेऊन बसले.

"काल तुमच्या टेबलावर उदयसिंग नव्हते," ते म्हणाले.

फय्याजुद्दीनचा चेहरा पांढरा पडला. "आम्ही चौघांनी जबाब दिलाय."

"चौघांनी दिलाय म्हणूनच म्हणतो. आपल्याकडचा राजा राणीवर घालायचा तो कशासाठी? तो एक्क्याखाली मरणारच असतो. पण मरताना समोरची मोठी पानं संपवून गेला, तर भिडूचं एखादं मधलं पान मोठं होतं. काही मिळणार असेल तरच घालायचा. आणि डमीत राणीच्या जोडीला गुलाम असेल, तर पहिलीला सोडायचं आणि दुसऱ्यावर घालायचा. उदयसिंगांना हे झोपेत विचारलं तरी येतं. मला त्यांनी आत्ता तसंच सांगितलं. ते जे करणार होते ते सांगितलं, कारण काय झालं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांनी तेरा पानं लावली, डमी पाहिली आणि उठून गेले. त्यांची पानं दुसऱ्या कोणीतरी हातात घेतली. ज्याला राणी दिसली की राजा टाकायचा, एवढा पहिला नियमच ठाऊक होता. ज्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढली, कारण उदयसिंगांइतके लांब हात त्याला नव्हते. आणि ज्याच्या चुकीवर डॉक्टर टाकळकरसुद्धा रागावू शकले नाहीत."

"कोणी नव्हतं," फय्याजुद्दीन म्हणाले. "मी कुराणाची..."

"कसम घेऊ नका जी," पडद्यामागून एक बाई बोलली. "मी होते, साहेब."

फय्याजुद्दीन ताडकन उठले. "अमिरुन! आत जा!"

"आतच तं आहे." आवाज तरुण होता. "एक सांगा, साहेब. लखीरामनं कबूल केलं म्हणे. खरं आहे?"

"कोणी सांगितलं?"

फय्याजुद्दीननं मान खाली घातली.

"नाही, बाई," गणोरकर म्हणाले. "त्यानं काही कबूल केलेलं नाही. रात्रभर तो एवढंच म्हणत होता, की मागचं दार पाहा."

मग ती बोलू लागली, थांबत थांबत. लग्नानंतर संध्याकाळी वेळ जावा म्हणून नवऱ्यानं तिला ब्रिज शिकवला होता. काल डाव सुरू होताच उदयसिंग खिडकीबाहेर पाहता पाहता एकदम म्हणाले, पोटात कळ आली, मी मागं जाऊन येतो. डॉक्टर डाव थांबवायला तयार नव्हते. तेव्हा फय्याजुद्दीननंच हाक मारली होती: बेगम, एवढा एक डाव यांची पानं धर, सगळे घरचेच आहेत. ती डोक्यावरून ओढणी घेऊन बसली होती. लखीरामचं ओरडणं ऐकू आलं, तशी पानं पालथी टाकून आत पळाली.

"माहे अब्बा कारंज्याले काझी आहेत," ती म्हणाली. "परक्या मर्दांत बसून त्यायची पोरगी पत्ते खेळली, हे त्यायनं ऐकलं तं काय होईन, थे यायले ठाऊक होतं. म्हणून हे सगळ्यांच्या पाया पडले."

"उदयसिंग काय म्हणाले?"

आता फय्याजुद्दीन बोलले. "म्हणाले, भाभीची अब्रू ती माझी अब्रू. मी उठलोच नव्हतो असं सांगतो." ते खाली बसले. "मला किती बरं वाटलं होतं तेव्हा, साहेब. मी त्यांच्या गळ्यात पडलो होतो."

"तुमच्या बेगमला कोर्टात हे सांगावं लागेल. सगळ्यांसमोर. मी जबरदस्ती करणार नाही."

"ती कोर्टात जाणार नाही!" फय्याजुद्दीन ओरडले. "दुसरं काही करा. मी सांगतो, मी खोटं बोललो म्हणून. मला आत टाका."

"तुम्ही एकदा शब्द फिरवलात की तुमच्या शब्दाला वजन नाही. पानं ज्याच्या हातात होती त्याचीच साक्ष लागेल."

फय्याजुद्दीन पडद्याजवळ गेले आणि हळू आवाजात काही बोलले. तिनं उत्तर दिलं ते मात्र गणोरकरांना स्पष्ट ऐकू आलं.

"माह्या खिडकीतून फाटक दिसते जी. कालपासून थे बाई तिथं बसून आहे. मी अन्न धाडलं तं तिनं परत नाई केलं, पन खाल्लंही नाई. मी रोज तिच्याकडं पाहत जगू का?"

६

उदयसिंगांची मोटार बंगल्यामागं लिंबाखाली उभी होती. तिचा उजवा दिवा जुना होता, डावा नवाकोरा. जुन्या दिव्याची पितळी कडी आणि गोणपाटातली चेपलेली कडी एकाच घडणीच्या होत्या. मेडशीच्या पोलीस पाटलानं रस्त्यावरची काच एका डब्यात घालून ठेवली होती. ती दुपारी घोड्यावरून आणवली. गणोरकरांनी टेबलावरच्या गड्ड्या होत्या त्याच क्रमानं मोहोरबंद करून बाजूला ठेवल्या आणि तिथंच तुकडे जुळवले. कडीत अडकलेल्या अर्ध्या काचेला ते कडेकडेनं बसत गेले.

चौघं खेळाडू समोर बसले होते.

"मुनाफनं हा दिवा बदलला तेव्हा त्याला काचेत काय दिसलं, देव जाणे," गणोरकर म्हणाले. "पण मेडशीची बातमी ऐकल्यावर त्यानं हिशोब जुळवला. त्यानं तुम्हाला कालची संध्याकाळ दिली होती, उदयसिंग. तुम्ही स्वतः जाऊन सांगावं म्हणून. काल या खिडकीतून तुम्हाला लखीराम जेवायला जाताना दिसला, आणि मिस्त्री एकटा आहे हे कळलं. मागच्या दारावर तुम्ही हाक मारली, त्यानं तुमच्यासाठी अडसर काढला. भांडण नव्हतं तिथं. तो तुमच्याकडं पाठ करून परत कामाला लागला होता. तेलाचं फडकं हातातच राहिलं त्याच्या."

"मी इथं खेळत होतो," उदयसिंग शांतपणे म्हणाले. "तीन जण साक्षीला आहेत. का हो, डॉक्टर?"

डॉक्टर टेबलावरच्या काचेकडं पाहत राहिले.

"वहाबसाहेब?"

म्हाताऱ्यानं काठी बाजूला ठेवली. "काल आम्हाला वाटलं, लखीराम दोषी आहेच, मग आमच्या एका खोट्यानं कोणाचं काय बिघडतं. आम्ही एका बाईची अब्रू झाकायला गेलो, उदयसिंग. आणि झाकलं कोणाला!"

उदयसिंग फय्याजुद्दीनकडं वळले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच घाई आली. "तू भाभीला कोर्टात उभं करणार? भर बाजारात तिचं नाव होईल. विचार कर."

"तो विचार तिनं केलाय," फय्याजुद्दीन म्हणाले. "मी नाही केला. तिनंच केला."

उदयसिंगांनी पडद्याकडं पाहिलं. मग त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

"मी नुसता बोलायला गेलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, मुनाफ, पोरगी आता परत येत नाही. तिच्या मायला जमीन देतो, घर बांधून देतो. तो म्हणाला, तिले सांगा ना मंग, मले कायले सांगता. आणि माझ्याकडं पाठ केली. पाना समोरच होता." ते आपल्या तळहाताकडं पाहू लागले. "लखीराम एवढ्यात परतला नसता, तर मी येऊन टेबलावर बसलो असतो. कोणी विचारलंही नसतं."

७

खटला अकोल्याच्या सेशन कोर्टात चालला. अमिरुन्निसा बुरख्यात आली, साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि विचारलं तेवढं सगळं तिनं सांगितलं. उदयसिंगांच्या वकिलानं तिला विचारलं, परक्या पुरुषांत बसून पत्ते खेळताना लाज वाटली नाही का? कोर्टात बरेच लोक हसले. ती म्हणाली, "वाटली होती. आताही वाटते. पन मी बसले होते, हे खरं आहे." मग वकिलानं तिला मुद्दाम डाव विचारला, आणि तिनं पहिल्यापासून एकेक पान सांगितलं. गणोरकरांनी मोहोरबंद करून ठेवलेल्या गड्ड्या न्यायाधीशांनी एकेक करून उलटल्या. सगळी पानं तिनं सांगितली त्याच क्रमानं निघाली.

उदयसिंगांना जन्मठेप झाली. लखीराम सुटला आणि हिरीबाईला घेऊन मालेगाव सोडून निघून गेला. कारंज्याच्या काझीसाहेबांनी लेकीच्या घरी यायचं बंद केलं. पुढं तीन वर्षांनी ते वारले, तेव्हाही निरोप आला तो दुसऱ्यांकडून. फय्याजुद्दीननं दिवाणखान्यातलं टेबल काढून टाकलं, तर तिनं ते परत आणायला लावलं आणि त्यावर लतीफाच्या मुलींना वाचायला शिकवू लागली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी गणोरकर मेडशीला गेले. मेलेल्या मुलीची आई भुरीबाई तुरीच्या काड्यांचा भारा डोक्यावरून उतरवत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. मोटार कोणाची होती, कोणी तोंड उघडायचं ठरवलं होतं, त्यापायी तो कसा गेला, आणि आता शिक्षा काय झाली. तिनं उभ्यानंच ऐकून घेतलं.

"त्यानं मोटार थांबवली होती का, साहेब?" तिनं विचारलं.

गणोरकरांनी उदयसिंगांचा कबुलीजबाब स्वतःच्या हातानं लिहून घेतला होता. खोटं बोलणं सोपं होतं, आणि आता त्यानं कोणाचं काही बिघडणारही नव्हतं. तरी कबुलीत होतं तेच ते बोलले.

"थांबवली होती, माय. खाली उतरला होता."

"पोरगी जित्ती होती?"

"होती."

भुरीबाईनं पदरानं तोंड पुसलं. ती रस्त्याकडं पाहू लागली.

"मंग पानी तं पाजलं असन ना त्यानं?" ती म्हणाली.

गणोरकरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून तिच्यापुढं उभे राहिले. तिनं थोडी वाट पाहिली. मग वाकून काड्यांचा भारा परत उचलला, आणि घरात गेली.